ऋतू पालटताना भाजीच्या बागेत होणाऱ्या या चुका टाळा

ऋतू पालटला की माझ्याकडे दरवर्षी तेच फोटो येतात. फुलं गळालेला टोमॅटो, माना टाकलेली मिरची, वीतभर व्हायच्या आत फुलावर आलेली कोथिंबीर. सोबत प्रश्नही ठरलेला, "याला काय घालू?" बहुतेकांना मी एकच सांगते, काही घालू नका. चूक तारखेत झालेली असते किंवा पाण्यात, आणि खतावर खत घालून ती निस्तरत नाही.

सवड मिळाली म्हणून पेरणं

सुट्टी मिळाली, बियाण्याची पाकिटं हाताशी होती, की त्याच दिवशी पेरणी उरकायची. नव्याने बाग करणारे जवळपास सगळेच असं करतात आणि हीच चूक सगळ्यात महाग पडते.

मी स्वतः यात एक अख्खा हंगाम घालवला आहे. थंडी सरत आली असताना टोमॅटोचं बी टाकलं. रोपं सुरेख आली, महिन्याभराने वाफ्यात लावली, कमरेएवढी झाली, पिवळ्या फुलांचे घोस लागले. मग रोज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा दिसू लागला. देठाच्या सांध्यापासून फूल तुटायचं आणि मागे फळाचा मणीसुद्धा नसायचा. मला वाटलं, झाडाला अन्न कमी पडतंय. युरिया दिला, आठवड्याने पुन्हा दिला. पानं काळपट हिरवी आणि जाड झाली, फळ एकही धरलं नाही.

कारण हवेत होतं. दिवसाचं तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचं २१ ते २४ च्या वर सलग राहू लागलं, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फूल दिसायला ठणठणीत असतं, पण त्यात फळ धरत नाही. रात्री कडाक्याच्या असल्या, पारा १३ अंशांच्या खाली उतरत असला, तरीही फळधारणा अशीच बिघडते. माझी रोपं फुलावर आली ती नेमकी उन्हाच्या तोंडी. त्यात युरियाने पालाच वाढवला.

तेव्हापासून मी उलटं मोजते. टोमॅटोचं बी टाकल्यापासून फूल यायला साधारण ६० दिवस धरते. फुलाच्या वेळी हवा कशी हवी ते आधी ठरवते, तिथून ६० दिवस मागे येते आणि तो आठवडा वहीत लिहून ठेवते. तो आठवडा हुकला तर त्या हंगामात टोमॅटो लावतच नाही, वाफ्यात दुसरं काहीतरी घेते. "अजून थोडं चालेल" असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, त्यांच्याकडून पुढे फुलं गळाल्याचे फोटोच आले.

पालेभाज्यांचंही तेच. माती ३० अंशांच्या वर तापली की पालकाची उगवण फार घटते आणि लोक बियाण्याला दोष देत बसतात. भेंडी नेमकी उलट, तिचं बी गार मातीत पडून कुजतं. मी पेरण्याआधी सकाळी दोन इंच खोल मातीत थर्मामीटर खुपसून बघते. हा खटाटोप वाटत असेल तर पाकिटभर बी वाया घालवण्याची तयारी ठेवा. कोथिंबिरीचं पान झालरीसारखं बारीक होऊ लागलं, की ती फुलावर निघालेली असते. मग शेंडे खुडून ती मागे फिरत नाही. काढा, वापरा आणि हवा गार झाल्यावर पुन्हा पेरा.

पान झुकलं की पाणी

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती मायेपोटी होते.

ओळखीतल्या एका ताईंनी गच्चीवर बारा कुंड्यांत मिरची लावली होती. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी द्यायच्या, तेव्हा ते योग्यच होतं. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, तरी पाण्याच्या वेळा त्याच राहिल्या. पानं लोंबायला लागली तेव्हा त्यांनी तिसरी वेळ वाढवली. मी गेले तोवर आठ झाडं गेली होती. एक उपटून पाहिलं. मुळं तपकिरी पडलेली, मातीला कुबट वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात यायची, आत नुसता दोरा उरायचा. निरोगी मूळ पांढरं आणि टणक असतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि मग त्यांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात बुडालेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. वरून बघून फरक कळत नाही, मातीत हात घालावाच लागतो. मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसते. तिथे ओल लागली तर पाणी नाही, पान कितीही झुकलेलं असो. कुंडी असेल तर एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घेते. भोपळा, काकडी भर दुपारी पानं टाकतातच. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर त्यांना पाण्याची घाई नव्हती. पहाटेही झुकलेली दिसली तर मात्र लगेच माती तपासा.

ठिबकला टायमर लावून निर्धास्त होणाऱ्यांनाही हेच सांगते. उन्हाळ्यात लावलेली वेळ पावसाळ्यात बदलली नाही, तर ते यंत्र रोज नेमाने तुमची मुळं कुजवतं. उलट, पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही असं झालं, की टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो पडतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि पाणी सारखं ठेवा.

त्याच जागी तेच पीक

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले. टोमॅटोनंतर त्याच वाफ्यात वांगी लावणं म्हणजे पीक बदलणं नव्हे. हिरवंगार झाड दोन-चार दिवसांत उभ्या उभ्या सुकलं, तर खोड बुडापाशी कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिच्यावर औषध शोधत फिरू नका. झाड मुळासकट काढून बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं या कुळातलं काही लावू नका. कुंडीत झालं असेल तर ती माती पुन्हा भाजीला वापरू नका.

बाकीच्या चुका

बी खोल पुरू नका. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर पुरे.

मुळा आणि गाजर रोप करून लावू नका. मूळ दुखावलं की फाटे फुटतात. जिथे वाढायचे तिथेच पेरा.

सावलीत वाढवलेली रोपं थेट उन्हात नेऊ नका, पानं पांढरी पडून करपतात. रोज ऊन थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवस द्या. घाई असणारे इथेच रोपं घालवतात.

वेलीची पहिली फुलं गळाली म्हणून घाबरू नका. ती बहुधा नर फुलं असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. मधमाश्या येत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलाला हलक्या हाताने लावा. लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी. दुधीवर सकाळी खटपट करून फळ धरत नाही म्हणणारे मला पुष्कळ भेटले आहेत.

निंबोळी तेल भर उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

कांद्याचं बी वर्षभरातच जुनं होतं. पेरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत पाचही उगवल्या नाहीत तर नवं बी आणा.

आणि संपलेलं झाड ठेवून देऊ नका. चार महिने फळं देऊन थकलेल्या भेंडीला अजून दोन शेंगा लागतील या आशेवर लोक महिना घालवतात. तेवढ्यात पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण तिथे घर करतात, शिवाय पुढच्या पिकाची वेळ जाते. मला झाड उपटणं जड जातं, म्हणून ते उभं असतानाच मी पुढच्या हंगामाचं बी ट्रेमध्ये टाकते. तीन-चार आठवड्यांत रोपं जागा मागू लागतात, आणि त्या दिवशी भेंडी निघते.