सर्च स्लो झालाय? सर्व्हर वाढवण्याआधी या चुका टाळा

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची एक साइट. टेबलात पावणेतीन कोटी ओळी, आणि सर्च बॉक्समध्ये ‘सायकल’ टाकलं की चौदा-चौदा सेकंद चक्र फिरत राहायचं. मालकांनी आधी रॅम दुप्पट करून बघितली होती. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा जैसे थे. मला बोलावलं तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “अजून मोठा सर्व्हर घेऊ का?” म्हटलं, थांबा, आधी एक्स्प्लेन लावून बघू.

क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्स्प्लेन लिहिलं की डेटाबेस ती कशी चालवणार आहे ते सांगतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यातले दोन रकाने आधी बघायचे, ‘टाइप’ आणि ‘रोज’. (हे रोज म्हणजे दररोज नव्हे, ‘रो’चं इंग्रजी अनेकवचन.) आमच्याकडे टाइपखाली ‘ऑल’ होतं आणि रोजखाली पावणेतीन कोटींच्या आसपासचा आकडा. हा आकडा अंदाजाचा असतो, पण अर्थ स्पष्ट होता: वीस जाहिराती दाखवायला सगळं टेबल वाचलं जातंय. वाचल्या किती आणि दिल्या किती, एवढा हिशेब मांडला की खाली सांगितलेल्या बहुतेक चुका आपोआप दिसायला लागतात.

कोणती क्वेरी स्लो आहे हेच माहीत नसेल तर स्लो क्वेरी लॉग चालू करा. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात बंद असतो, आणि नुसता चालू केला तरी दहा सेकंदांच्या वरच्याच क्वेऱ्या पकडतो. चार सेकंदांची क्वेरी दिवसातून लाख वेळा आली तरी त्यात दिसणार नाही. मर्यादा एक सेकंदावर आणा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे क्वेऱ्यांचा वेळ नोंदवणारं एक्स्टेन्शन लावावं.

शब्दाच्या आधी टक्का

आमची चूक सगळ्यांची असते तीच होती. लाइक ‘%सायकल%’, म्हणजे आधी-नंतर काहीही असलेलं ‘सायकल’. नेहमीचा इंडेक्स, म्हणजे टेबलातल्या ओळी शोधायची सूची, शब्दकोशासारखा लावलेला असतो. ‘साय’ने सुरू होणारे शब्द काढायला एक पान उघडावं लागतं, पण मधे कुठेतरी ‘साय’ असलेले शब्द काढा म्हटलं तर सगळा कोश चाळावा लागेल. टक्का शेवटी असेल तर इंडेक्स वापरता येतो, सुरुवातीला असेल तर नाही. दहा हजार ओळींवर हे जाणवत नाही, म्हणूनच साइट लहान असताना लिहिलेली ही क्वेरी वर्षानुवर्षं तशीच राहते.

उपाय म्हणजे फुलटेक्स्ट इंडेक्स, मजकुरातल्या शब्दांची सूची. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (टेबलं साठवणाऱ्या त्याच्या नेहमीच्या इंजिनात) तो 5.6 आवृत्तीपासून आहे. पोस्टग्रेसमध्ये टीएसव्हेक्टरवर (शब्दांत फोडलेल्या मजकुरावर) जिन प्रकारचा इंडेक्स लावतात, आणि शब्दाच्या मधला तुकडाच शोधायचा असेल तर ट्रायग्रॅमचं एक्स्टेन्शन आहे. ते मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून ठेवतं.

इंडेक्स आहे, तरी वापरला जात नाही

ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते. ‘इंडेक्स तर लावलाय हो!’ लावलाय, पण क्वेरीने कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलंय. तारीख-वेळेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावून ‘आजची तारीख’ असं विचारलं की डेटाबेसला प्रत्येक ओळीची तारीख काढून बघावी लागते. त्याऐवजी ‘आज 00:00 पासून उद्या 00:00 च्या आतपर्यंत’ असं विचारा. काम तेच, आणि इंडेक्सही वापरला जातो.

याचाच चुलतभाऊ म्हणजे मोबाइल नंबर. कॉलम मजकुराचा, म्हणजे व्हारकॅर, आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून दिलेला. मायएसक्यूएल मग प्रत्येक ओळीतल्या मजकुराचा आकडा करून तुलना करत बसतो. दोन अवतरणचिन्हं टाकली की काम होतं. एका ठिकाणी एवढ्यासाठी नवा रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवणारा आणखी एक सर्व्हर, उभा केलेला मी पाहिलाय.

तिसरा प्रकार कॉलमांच्या क्रमाचा. सातबारा काढताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट नंबर, असं उतरत जावं लागतं. नुसतं ‘गट नंबर 112’ म्हणून तलाठ्याकडे गेलात तर तो आधी विचारेल, कुठल्या गावचा? शहर, प्रकार, किंमत या क्रमाने बांधलेल्या इंडेक्सला नुसती किंमत विचारली तर त्याची अवस्था सहसा तीच होते. आणि ‘पासून-पर्यंत’वाला कॉलम मधे घालू नका. ‘क’ ते ‘म’ने सुरू होणाऱ्या गावांतला गट 112 हवा असेल तर त्या प्रत्येक गावाचं दप्तर उघडावं लागणार. बरोबरचं चिन्ह (=) असलेले कॉलम आधी, ‘पासून-पर्यंत’वाला शेवटी.

हे वाचून उत्साहाने प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकू नका. नवी ओळ आली की ती प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते.

पान नंबर 9,416

कोण जातं हो एवढ्या मागच्या पानावर? माणूस नाही जात. बॉट जातात, साइटवर आपोआप फिरणारे क्रॉलर. एका रात्री लॉग उघडला तर एकच क्रॉलर ‘पुढचं पान’ दाबत दाबत नऊ हजारांच्या पुढे पोचलेला. ऑफसेट म्हणजे सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा, आणि त्याची गंमत अशी की 2,00,000 ओळी सोडून पुढच्या 20 द्या म्हटलं तरी आधीच्या दोन लाख वाचाव्याच लागतात. वाचायच्या आणि टाकून द्यायच्या. पान जितकं मागचं तितकं महाग.

त्याऐवजी ‘शेवटची दाखवलेली जाहिरात अमुक वेळेची आणि अमुक आयडीची, तिच्या मागच्या वीस द्या’ असं विचारा. वेळेसोबत आयडी हवाच, नाहीतर एकाच सेकंदाला आलेल्या जाहिराती गळतात किंवा दोनदा दिसतात. वेळ आणि आयडी यांवर एकत्र इंडेक्स असला की कितवंही पान सारख्याच वेळात येतं. इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन तर दहा हजारांच्या पुढचे निकाल असे ऑफसेटने द्यायला मुळातच नकार देतं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

‘एकूण 3,41,872 निकाल सापडले’ ही ओळही काढून टाका. इनोडीबी एकूण ओळींचा आकडा तयार ठेवत नाही, दर वेळी मोजतो. ‘1,000 पेक्षा जास्त’ लिहिलं तर एकाही ग्राहकाचं अडत नाही.

पुऱ्या दोन प्रकारच्या

मराठी मजकूर असेल तर एक खास दुखणं आहे. पोस्टग्रेसवरची पाककृतींची एक साइट, ‘पुऱ्या’ शोधलं की निम्म्याच पाककृती यायच्या. कारण हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर सारखंच दिसतं, बाइट वेगळे. तिथल्या कोणीतरी उपाय म्हणून दोन्ही रूपं ‘ऑर’ने जोडली आणि दोन्हींना पुढे-मागे टक्के लावले. म्हणजे सर्च बरोबर झाला आणि स्लोही झाला.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत) इथे पुरत नाही. ‘र’ आणि नुक्ता मिळून झालेला ‘ऱ’ ते एकत्र करतं, पण जॉइनरवाल्याला हात लावत नाही. तो बदल स्वतः लिहावा लागतो: मजकूर साठवताना एकदा, आणि ग्राहकाने टाकलेल्या शब्दावर एकदा. मग क्वेरीत एकच रूप उरतं आणि इंडेक्सही लागतो.

वेगळं सर्च इंजिन घ्यावं का? विकिपीडियाने आपला शोध मायएसक्यूएलवरून इलॅस्टिकसर्चसारख्या इंजिनावर नेला, पण तुमची साइट म्हणजे विकिपीडिया नव्हे. इंजिन आलं की डेटाच्या दोन प्रती आल्या, आणि विकून गेलेली सायकल सर्चमध्ये चार दिवस दिसत राहिल्याचे फोनही आले.

चालत्या साइटवर इंडेक्स

सायकलवाल्या साइटकडे परत येतो. फुलटेक्स्ट इंडेक्स बनत असताना इनोडीबी त्या टेबलावर लिहू देत नाही, म्हणून रात्री बाराची वेळ ठरवली. आदेश दिला आणि काहीच हलेना. उलट साइटच ठप्प. शो प्रोसेसलिस्ट (चालू कनेक्शनांची यादी) मारलं तर ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ची, म्हणजे टेबलाच्या कुलपाची वाट बघणाऱ्यांची, लांबलचक रांग. आमचा आदेश रांगेत सगळ्यात पुढे, साध्या सर्चच्या क्वेऱ्या त्याच्या मागे. आणि ज्याच्यासाठी सगळे थांबले होते ते कनेक्शन निवांत, ‘स्लीप’ लिहिलेलं. संध्याकाळी रिपोर्ट बघणारा कोणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण करायच्या क्वेऱ्यांचा गट) उघडी ठेवून घरी गेला होता.

ते कनेक्शन किल केलं आणि रांग सुटली. पहाटे ‘सायकल’ टाकली तर एका सेकंदाच्या आत आली. सकाळी दहाला पहिला फोन: “घर टाकलं तर एकही जाहिरात येत नाही.”

इनोडीबीच्या फुलटेक्स्टमध्ये तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द मुळात इंडेक्समध्ये घेतलेच जात नाहीत. ‘घ’ आणि ‘र’, झाली दोन. ती मर्यादा दोनवर आणायची तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, आणि इंडेक्स पाडून नव्याने बांधावा लागतो. पुन्हा रात्री बाराला बसलो. या वेळी आधी प्रोसेसलिस्ट बघितली.