सुट्टीतला ऑनलाइन गणित कोर्स: आधी चाचणी, मग व्हिडिओ
इंदूरच्या मे महिन्यात दुपारी मुलं घरातच असतात. सहावी ते आठवीच्या मुलांना या वेळात आपल्या गतीने करायचा ऑनलाइन गणित कोर्स जरूर लावून द्या. खान अकॅडमी ही शिकवणी देणारी वेबसाइट मोफत आहे, हिंदीतही आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर उघडतात. मात्र पहिल्या व्हिडिओपासून सुरुवात नको. आधी मागच्या इयत्तेची चाचणी सोडवून घ्या. जिथे अडलं तेवढेच धडे बघायचे.

शेजारी वही हवीच. नुसते पर्याय निवडून गुण मिळतात, पण चूक कुठे झाली ते वहीतच दिसतं. समजा मुलीने २/३ + १/४ = ३/७ लिहिलं. रागावू नका, विचारा: "अगं, २/३ म्हणजे अर्ध्याहून जास्त, ३/७ अर्ध्याहून कमी. भर घालून कमी कसं झालं?" बहुतेक मुलं इथे थबकतात, मग समान छेदाची गरज पटते: ८/१२ + ३/१२ = ११/१२.

रोज अर्धा तास पुरे. कोर्स संपवायची घाई नकोच. अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या झाल्या, तरी पुढचं बीजगणित पुष्कळ सोपं जातं. आजी-आजोबा घरी असतील तर एक गणित रोज त्यांना समजावून सांगायला लावा.