गाडीसाठी ब्लूटूथ हॅण्ड्सफ्री किट निवडताना आधी माइक बघा

हॅण्ड्सफ्री किट घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा त्यावर गाणं लावून दाखवतो. गाणं खणखणीत वाजतं, आपण खूश होतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. फोनवर मात्र तुमचा आवाज पलीकडे कसा जातो त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि त्याची तक्रार तुमच्या कानावर उशिरा येते. गाडीत तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येत असतं आणि तिकडे काकी ओरडत असते, “कायच आयकाक येणा नाय रे!” कोकणात तर पावसाळ्यात टपावर पाऊस वाजतो, काच उघडली की वारा येतो, बंद केली की एसी घोंघावतो, आणि खालचा रस्ता कसा असेल ते दर दोन किलोमीटरला बदलतं. म्हणून किट माइकवरून निवडावं. स्पीकर त्यानंतर.

आधी गाडीत काय आहे ते बघा

स्टीअरिंगवर फोनच्या रिसीव्हरचं बटण आहे का? म्युझिक सिस्टीमच्या मेनूत ‘फोन’ असं कुठे दिसतं का? दिसलं तर आधी आपला मोबाइल जोडून एक कॉल करून बघा. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांचं हे हमखास राहून जातं. सोय डॅशबोर्डात असते आणि मालक बाजारात शोधत फिरतो.

फक्त गाणं वाजलं म्हणजे कॉलही होईल असं नाही. ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी ए-टू-डीपी हे प्रोफाइल लागतं आणि कॉलसाठी एचएफपी हे वेगळं. काही स्वस्त सिस्टीममध्ये पहिलं असतं, दुसरं नसतं. कॉल होतो, पण पलीकडे आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो अशी तक्रार असेल, तर सिस्टीमच्या मागे बाहेरचा माइक लावायची जागा आहे का ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. ती असेल तर वायरचा छोटा माइक चालकाच्या डोक्याजवळ बसवून काम होतं, नवं किट लागत नाही.

गाडीत बसलाच आहात तर आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. ऑक्सची पिन, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने म्युझिक सिस्टीमला देणारी पिन, लावायला जागा आहे का, आणि किल्ली काढल्यावर लायटरच्या सॉकेटमधला करंट बंद होतो का. चार्जर लावून किल्ली काढा. चार्जरचा दिवा तसाच राहिला तर त्या सॉकेटमध्ये कुठलंही किट कायम खोचून ठेवायचं नाही. गाडी आठवडाभर मांगराच्या कडेला उभी राहिली की बॅटरी उतरते.

प्रकार कोणता घ्यावा

सगळ्यात स्वस्त म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर. हा फोनचा आवाज ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या जागी पाठवतो आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. रेडिओ असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत चालतो. त्याचे दोष दोन. एक म्हणजे माइक गिअरच्या दांड्याजवळ, तोंडापासून लांब आणि खाली असतो. दुसरा दोष प्रवासात कळतो. राजापूर, लांज्याकडे बँड बराच मोकळा मिळतो, पण पनवेलच्या पुढे ९१.१, ९३.५, ९८.३ अशी मुंबईची स्टेशनं दाटीने सुरू होतात आणि तुमच्या कॉलमध्ये मधूनच जाहिरात घुसते. मग चालत्या गाडीत फ्रिक्वेन्सी शोधत बसायचं, म्हणजे हॅण्ड्सफ्री कशासाठी घेतलं तेच राहिलं बाजूला. आणखी एक गंमत सांगतो. दाभोळ-धोपावे जंगलवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर, गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. शेजारच्याचा रेडिओ नेमका तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर असेल, तर तुम्हाला फोन करणाऱ्याचं बोलणं त्याच्याही स्पीकरवर वाजू शकतं. व्याही-विहिणीच्या गोष्टी तिथे नकोत.

ऑक्सची सोय असेल तर ऑक्स रिसीव्हर बरा. हा फोनचा आवाज ब्लूटूथने घेतो आणि ऑक्सच्या वायरीतून गाडीच्या सिस्टीमला देतो. वायरने जोडलेला असल्यामुळे स्टेशनांचा त्रास नाही. फक्त तो लायटर सॉकेटवरून चार्ज होत असताना स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येऊ शकतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चढतं. हा अर्थिंगच्या लूपचा आवाज. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मध्ये लावली की तो जातो.

तिसरा प्रकार सनव्हायझरला क्लिपने अडकवायचा स्पीकरफोन. फक्त कॉलसाठी किट हवं असेल तर माझं मत यालाच. माइक तोंडासमोर येतो, स्पीकर आणि बॅटरी त्यातच असते, वायर कुठलीच नाही आणि एका गाडीतून काढून दुसरीत लावता येतो. घरची वॅगनआर आणि आंब्याच्या पेट्या नेणारी ईको असा दोन्हींचा कारभार असेल तर एकातच भागतं. उणी बाजू म्हणजे स्पीकर लहान, मुसळधार पावसात आवाज अपुरा पडतो. शिवाय दुपारी मुंबईहून दक्षिणेकडे निघालात की ऊन उजव्या खिडकीतून येतं आणि चालक व्हायझर बाजूच्या काचेकडे फिरवतो. किटही त्याच्याबरोबर फिरतं आणि माइकचं तोंड भलतीकडे जातं. अशा वेळी ते डाव्या बाजूच्या व्हायझरच्या आतल्या कडेला लावा. चालकापासून थोडं लांब, पण जागच्या जागी राहतं.

चौथा मार्ग आख्खी म्युझिक सिस्टीमच बदलायचा. खर्च काही हजारांचा आहे, पण कॉल, गाणी, नकाशा सगळं एका पडद्यावर येतं. डॅशबोर्डची जागा मोजून घ्या, तिची ठरलेली मापं दोन: सिंगल डिन सुमारे १८० × ५० मिलिमीटर, डबल डिन उंचीला दुप्पट. आणि दुकानात बजावून सांगा की गाडीच्या मॉडेलचा कपलर (मूळ वायरींच्या प्लगात बसणारा जोड) लावूनच जोडणी करायची, मूळ वायर कापायची नाही. वायर कापून टेप गुंडाळलेले जोड दमट हवेत काळे पडतात. वर गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरवाल्याला नाही म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

खोक्यावरचं काय वाचायचं

‘ब्लूटूथ ५.३’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. कॉलच्या स्पष्टपणाचा त्या आकड्याशी फारसा संबंध नाही. शोधायचं ते ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड’, म्हणजेच एचएफपी १.६ किंवा त्यापुढचं. जुन्या पद्धतीत आवाजाचा साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच भाग पलीकडे जातो. ‘स’सारख्या व्यंजनांची धार त्याच्या वर असते. त्यामुळे तुम्ही वाशीच्या दलालाला “साठ पेट्या” सांगता आणि त्याला “आठ पेट्या” ऐकू येतात. वाइडबँडमध्ये जवळजवळ ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि असे घोळ कमी होतात. अर्थात दोन्ही फोन आणि मधलं नेटवर्क यांनीही साथ द्यायला हवी.

दुसरं म्हणजे ‘इको कॅन्सलेशन’. हे नसेल तर पलीकडच्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं. दोन मोबाइल वापरत असाल, एक घराकडे रेंज येते म्हणून आणि एक धंद्याचा, तर ‘मल्टिपॉइंट’ लिहिलेलं घ्या, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात. एकाच मोबाइलमध्ये दोन सिमकार्डं असतील तर त्याची गरज नाही.

दुकानासमोरच परीक्षा घ्या

काउंटरवर उभं राहून केलेला कॉल परीक्षेत धरू नका. किट गाडीत लावा, काचा बंद करा, इंजिन सुरू ठेवा, एसीचा पंखा पूर्ण वाढवा आणि घरी फोन करा. तिकडे कुणाला तरी कागद-पेन घेऊन बसवा आणि नेहमीच्या आवाजात आकडे सांगा: साठ, आठ, सोळा, बारा, सत्तावीस, सदतीस. त्यांना वाचून दाखवायला सांगा. चुकले तर कुठे चुकले ते तुम्हालाच कळेल. मग चालकाची काच खाली करून तेच पुन्हा. शेवटी दोघांनी एकाच वेळी बोलून बघा. चांगल्या किटमध्ये दोघांचंही बोलणं तुटक का होईना पोचतं, साध्या किटमध्ये एकाचा आवाज पूर्ण बंद होतो. भांडणात हे फार जाणवतं.

ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत बघा, आणि तुमच्या पिनकोडवरून माल परत नेतात का तेही. वाडीपर्यंत आणून देतात, परत न्यायला येतातच असं नाही. माल आला की मुदतीच्या आत हीच परीक्षा पावसात घ्या. ऊन असेल तर शेजारच्याला पाइपने टपावर पाणी मारायला सांगा, हसला तर हसू दे.

चालत्या गाडीत आवाज तुटला म्हणून लगेच किटला दोष देऊ नका. कशेडीच्या बोगद्यात किंवा आंबा घाटात तुटला तर बहुधा रेंज गेलेली असते. पुढे सुरक्षित जागी गाडी थांबवा, तिथूनच एकदा मोबाइल कानाला लावून आणि एकदा किटवरून बोला. दोन्हीकडे तुटतंय तर नेटवर्क, फक्त किटवर तुटतंय तर किट.

बसवताना आणि जोडताना

माइक एसीच्या जाळीसमोर कधीही नको. व्हायझरची वरची कड किंवा काचेजवळचा खांब बरा, तोंडापासून हातभर अंतरावर. खांबाच्या पॅनलमागे काही गाड्यांत पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग असते, तेव्हा तिथे स्क्रू मारू द्यायचा नाही. माइक चिकटवा आणि वायर रबराच्या पट्टीखाली सरकवा.

पेअरिंग, म्हणजे फोन आणि किटची पहिली जोडणी, गाडी उभी असतानाच करा. फोन ‘कॉन्टॅक्ट्स वापरू देऊ का’ असं विचारतो तेव्हा होकार दिला नाही, तर किटवर नावाऐवजी नुसता नंबर येतो. देवनागरीत सेव्ह केलेली नावं जुन्या सिस्टीमवर चौकोनी डबे होऊन दिसतात. नेहमीचे दहा-बारा नंबर इंग्रजी लिपीत सेव्ह केले की प्रश्न सुटतो. गूगल असिस्टंटला मराठीतून “आईला फोन लाव” सांगता येतं, रेंज असेल तर.

‘ऑटो आन्सर’ बंद ठेवा. मागच्या सीटवर सासूबाई आहेत आणि फोन आपोआप उचलला गेला, तर पुढचं सगळं गाडीभर ऐकू जातं.

कायदा आणि घाट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. गाडी चालवताना हातातला फोन वापरणं तेव्हापासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. किटमुळे फोन हातात येत नाही एवढं खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं आहे की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे ४ पट असतो आणि हॅण्ड्सफ्री त्याहून फार सुरक्षित नाही. हात मोकळे राहिले तरी डोकं बोलण्यातच अडकतं. आंबोली, करूळ, कुंभार्ली, कुठलाही घाट असो, खाली पोचेपर्यंत फोन उचलू नये. मोबाइलचा ‘ड्रायव्हिंग मोड’ लावला की आलेल्या कॉलला आपोआप मेसेज जातो. कानात इयरबड्स घालणं हा किटला पर्याय नव्हे. आंधळ्या वळणावर समोरच्याचा हॉर्न ऐकू यायला हवा. दरड कोसळली, अपघात झाला तर ११२, महामार्गावर १०३३. हे दोन नंबर किटच्या स्पीड डायलवर टाकून ठेवा.

देखभाल

खाऱ्या हवेने सॉकेटच्या पितळेवर हिरवट थर चढतो आणि किट मधेच बंद-चालू होऊ लागतं. फ्यूज काढून कोरड्या फडक्याने पुसा, लागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. माइकच्या भोकात लाल धूळ बसते, ती मऊ ब्रशने झटकायची. फुंकर मारू नका, ओल आत जाते. व्हायझरवरचं किट मे महिन्याच्या उन्हात काचेमागे दिवसभर ठेवू नका, लिथियमची बॅटरी फुगते. उतरताना काढून डिकीत टाका.

गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत देताना सिस्टीममधून आपला फोन ‘डिलीट’ करा आणि त्यात उतरलेली कॉन्टॅक्ट्सची यादीही पुसा. नुसतं ब्लूटूथ बंद करून ती पुसली जातेच असं नाही. मेनूत ‘फॅक्टरी रीसेट’ सापडलं तर सरळ तेच दाबा.