हंटिंग्टन आजारातील मोडलेली झोप : घरच्यांनी काय करावे

हंटिंग्टन आजाराच्या रुग्णाला रात्री झोप लागत नाही, तेव्हा घरचे बहुधा दोनच कारणे धरतात : मनाची काळजी आणि हातापायांची आपोआप होणारी अखंड हालचाल. दोन्ही खरी असतात, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. हा आनुवंशिक आजार चौथ्या गुणसूत्रावरील ज्या जनुकातील बिघाडामुळे होतो, ते जनुक १९९३ मध्ये सापडले. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. या आजारात मेंदूतील झोप आणि जाग यांची वेळ सांभाळणारी यंत्रणाही बिघडते. त्यामुळे झोप उशिरा लागणे, वारंवार मोडणे आणि दिवसा पेंग येणे हा आजाराचाच भाग आहे. त्यात रुग्णाचा हट्ट किंवा आळस शोधू नये, आणि हे घरातल्या प्रत्येकाला एकदा स्वच्छ सांगावे.

झोपेची गोळी मागण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. आपल्यात काय बदल होत आहेत याची जाणीव या आजारात रुग्णाला पुष्कळदा नसते, म्हणून नोंद घरच्यांनीच करावी. अंथरुणाला पाठ किती वाजता टेकली, जाग केव्हा आली, उठून काय केले, दुपारी किती वेळ डुलकी लागली, कोणते औषध किती वाजता दिले आणि घोरताना श्वास अडकला का, एवढे पुरे. ‘अडीचला उठले, डबा उघडून गूळपोळी खाल्ली, लगेच झोपले’ अशी नोंद पुन्हा पुन्हा दिसली, तर कारण भूक आहे. या आजारात वजन घटत जाते आणि शरीराला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागते. अशा वेळी निजण्याच्या तासभर आधी साजूक तूप घातलेली मऊ खिचडी किंवा नाचणीचे दाटसर सत्त्व द्यावे; मात्र ते ताठ बसवून, सावकाश भरवावे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, कारण गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असले तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते.

वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जावे आणि औषधांच्या वेळा तपासून घ्याव्यात. हालचाली कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टेट्राबेनाझिनमुळे काहींना गुंगी येते, तर काहींना बेचैनी, निद्रानाश किंवा उदासी येते. नैराश्यावरची काही औषधे रात्री घेतल्यास झोप उडवतात. अशा वेळी वेळ बदलूनच काम भागू शकते, परंतु तो बदल डॉक्टरांनी करावा. घरच्या घरी गोळी बंद करू नये. शेजाऱ्याला लागू पडलेली झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये. चालताना आधीच तोल जाणारा माणूस गुंगीत उठला की पडतो. पहाटे जाग येऊन रुग्ण ‘आता जगायला नको’ असे बोलू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, त्याला एकटे सोडू नये. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

दिवसाची घडी बसवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळी अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर उजेडात बसवावे. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे थंडीत पारा फार उतरतो, तिथे ऊन वर आल्यावर शाल पांघरून बसवले तरी चालते. चहा दुपारनंतर टाळावा, डुलकी अर्ध्या तासात आवरावी आणि संध्याकाळी मोबाइल दूर ठेवावा.

गाढ झोपेत हालचाली पुष्कळ कमी होतात, पण झोप लागेपर्यंत आणि कूस बदलताना हातपाय जोरात आपटतात. म्हणून उंच पलंगाऐवजी जमिनीवर रुंद, घट्ट गादी घालावी, भिंतीच्या बाजूला लोड लावावेत आणि पायांत गुंतणारी चादर न देता जड गोधडी द्यावी, ती रुग्णाला स्वतः बाजूला सारता येत असेल तरच. मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा आणि पायपुसणी नसावीत.

सांभाळणाऱ्याची झोप हाही उपचाराचाच भाग मानावा. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे, किंवा शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून मोटार चालू करायला उठणारे, यांच्या घरी एकाच माणसावर सगळी रात्र पडते. रुग्णाजवळ कोण झोपणार हे आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवावे, आणि ज्याची त्या रात्री पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. घरात दोनच माणसे असतील, तर आठवड्यातून निदान एक रात्र भावकीतले किंवा ओळखीचे कोणी सोबतीला बोलवावे, आणि त्यांना मोरीची वाट, औषधे व ठसका लागल्यावर काय करायचे हे दिवसाउजेडी दाखवून ठेवावे.