उसाची ट्रॉली सीमेपलीकडे नेता? कागदपत्रांच्या या चुका टाळा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कागल-निपाणी पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की जोड-ट्रॉल्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होते. ऊस कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातला, कारखाना कोल्हापूर जिल्ह्यातला, ट्रॅक्टर एकाच्या नावावर आणि ट्रॉली कुणाच्याच नावावर नाही. बहुतेक घोळ या शेवटच्या गोष्टीतून होतात.

ट्रॅक्टरचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दाखवलं की ट्रॉलीचंही भागतं, ही पहिली चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रॉलीची नोंदणी इतर वाहनांसारखीच वेगळी करावी लागते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर मागच्या बाजूला. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर आरसी दोन, आणि ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर.

गावातल्या वर्कशॉपमध्ये दणकट ट्रॉली स्वस्तात बनते, हे खरंच. पण नोंदणीसाठी फॉर्म 21 वरचा विक्रीचा दाखला आणि फॉर्म 22 वरचा वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला लागतो. बनवणाऱ्याकडे मंजूर मॉडेलच नसेल तर हे कागद तो आणणार कुठून? ‘नंतर करून देतो’ म्हणाला तर उरलेले पैसेही नंतरच द्या.

ट्रॉलीला इंजिन नसतं, त्यामुळे चेसिस नंबर हीच तिची ओळख. वाहन दुसऱ्या राज्यात न्यायचं तर आरटीओचा ना-हरकत दाखला म्हणजे एनओसी काढतात. तिच्या फॉर्म 28 वर या नंबरचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लागतो. चार हंगाम ऊस वाहिलेल्या ट्रॉलीवर नंबरच्या जागी गंज, चिखल आणि रंगाचे थर बसलेले असतात. ठशात 3 आहे की 8 तेच कळत नाही, आणि अर्ज माघारी येतो. अशा वेळी पठ्ठे ग्राइंडर चालवतात. तसं कधीच करू नका. अंकच घासला गेला तर छेडछाडीचा संशय येतो आणि मग साधं काम चौकशीवर जातं. डिझेल लावून वायर ब्रशने हलक्या हाताने साफ करा, वर ग्रीस लावा, आणि ट्रॉली रंगवायला देताना त्या जागेवर चिकटपट्टी मारा.

हंगामापुरती ट्रॉली पलीकडे जाते म्हणून एनओसी काढणं हा फुकटचा खटाटोप आहे. वाहन दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलं तरच तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि गाळप हंगाम तेवढा चालत नाही. एजंट घाबरवेल, त्याचं पोट त्यावर आहे. कायमची न्यायची असेल तर मात्र आधी फायनान्सवाल्याची संमती घ्या, थकलेली चलनं भरा आणि अर्जाची पोच सांभाळा. 30 दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाल्याचं कायदा मानतो. पोच नसेल तर ते 30 दिवस मोजणार कुठून?

सगळ्यात महागात पडते ती बाँडपेपरवरची विक्री. कोल्हापूरच्या माणसाने चिकोडीच्या माणसाला ट्रॉली विकली, शंभर-पाचशेच्या कागदावर सह्या झाल्या, चहा झाला, विषय संपला. आरसीवर नाव जुनंच. पुढे अपघात झाला की नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून नाव येतं ते आरसीवरचं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमकं हेच सांगितलं: व्यवहार कितीही हातांतून गेला असो, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. राज्याबाहेर विकताना विकणाऱ्याने 45 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा.

विम्याचं म्हणाल तर ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप धरली जात नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ट्रॉलीचा नंबर किंवा चेसिस नंबर आहे का आणि तिच्यासाठी वेगळा प्रीमियम घेतला आहे का, हे दोन्ही बघा. एकच ट्रॉली लिहिली आणि मागे दोन जोडल्या, तर दुसरी उघड्यावर. अंक चुकला असेल तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी दुरुस्ती, करून घ्या, अपघात झाल्यावर ते जमत नाही. पॉलिसी ‘शेतीसाठी’ आणि ट्रॉलीत भाड्याने विटा-वाळू, असं असलं की विमा कंपनीला वाद घालायला आयती जागा मिळते. कारखान्याच्या कराराने ऊस वाहत असाल तर ते पॉलिसी घेतानाच सांगा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. थर्ड पार्टी विमा नसेल तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. पण खरा फटका अपघाताच्या दाव्यात बसतो.

मडगार्डवर किंवा उसाच्या मोळ्यांवर माणसं बसवू नका. ट्रॅक्टरच्या आरसीवर आसनक्षमता बहुधा एकच असते, तीही ड्रायव्हरची. बाकीच्यांना पॉलिसीत जागाच नाही, मग ती एमएचची असो वा केएची.