२० वर्षांचं गृहकर्ज १२ ते १५ वर्षांत फेडताना

सुरुवात दोन कागदांपासून करा: कर्जखात्याचं स्टेटमेंट आणि परतफेडीचं वेळापत्रक. दोन्ही बँकेच्या ॲपवर मिळतात, नाहीतर शाखेत मागायची. इथली सगळी गणितं एकाच उदाहरणावर मांडली आहेत: ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. याचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजातच जातात आणि मुद्दलातून वजा होतात फक्त ६,३८०. पहिल्या वर्षभरात तुम्ही ४ लाख १६ हजार भरता, पण मुद्दल जेमतेम ८० हजारांनी उतरतं. असंच २० वर्षं चालू ठेवलं तर निव्वळ व्याज ४३ लाख ३१ हजार होतं.

हप्त्याच्या वर भरलेला रुपया मात्र पूर्णच्या पूर्ण मुद्दलाला लागतो. त्या रुपयावर उरलेल्या सगळ्या वर्षांत जे व्याज चढलं असतं, ते तिथेच थांबतं. म्हणून सगळा जोर पहिल्या ७-८ वर्षांत लावायचा. पंधराव्या वर्षी घाई करून हाती फारसं लागत नाही, कारण तोवर बहुतेक व्याज भरून झालेलं असतं.

आधी काय निस्तरायचं

क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांनी वाढते. ती डोक्यावर असताना ८.५ टक्क्यांचं कर्ज आधी फेडणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. कार्ड, पर्सनल लोन, मग सोनेतारण, याच क्रमाने आधी मोकळे व्हा. त्यानंतर हप्ता आणि घरखर्च धरून ६ महिन्यांची रक्कम सहज काढता येईल अशी बाजूला ठेवा. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. नोकरी गेली किंवा घरात दवाखाना लागला की टॉप-अप लोनच्या मागे धावावं लागतं, आणि ते, म्हणजे चालू गृहकर्जावरचं वाढीव कर्ज, मिळेलच याची खात्री नसते. कमावत्या माणसाचा उरलेल्या कर्जाएवढा साधा टर्म विमाही याच टप्प्यावर घ्या.

पीएफ मोडू नका. त्यावरचं व्याज कर्जाच्या व्याजाच्या जवळपास आहे आणि म्हातारपणी तोच उपयोगी पडतो. बँकेतल्या जादा मुदत ठेवींचं तसं नाही. ३० टक्क्यांच्या करटप्प्यात ७ टक्क्यांची ठेव कर वजा जाता ४.८ टक्केच देते. ८.५ टक्क्यांनी कर्ज फेडत असताना अशी ठेव सांभाळण्यात नुकसानच आहे. आणीबाणीच्या रकमेपलीकडची ठेव मोडून कर्जात भरा.

व्याजदर पाहा, मगच पैसे भरा

ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाह्य दराशी जोडलेली आहेत. २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९आधीच्या एमसीएलआर किंवा बेस रेट पद्धतीतलं (बँक स्वतःच्या खर्चावरून दर ठरवते ती) असेल, तर एवढी कपात तुमच्यापर्यंत कदाचित पोचलेलीच नाही. तुमचीच बँक आज नव्या ग्राहकाला काय दर देते ते पाहा. फरक अर्धा टक्का असला तरी ४० लाखांवर पहिल्याच वर्षी सुमारे २० हजार होतात. लेखी अर्ज करून, ठरलेलं शुल्क भरून दर बदलून घेता येतो. दुसऱ्या बँकेत कर्ज नेणं हा नंतरचा पर्याय, कारण तिथे प्रोसेसिंग फी, वकिलाची तपासणी, मूल्यांकन आणि मुद्रांक शुल्क असा सगळा खर्च पुन्हा येतो.

दर उतरल्यावर बँक हप्ता कमी करते की मुदत, हे स्टेटमेंटमध्ये बघाच. हप्ता कमी झाला असेल तर तो पूर्वीएवढा करून मागा. दर चढले की काय होतं, हेही माहीत असावं. ६.७५ टक्क्यांनी घेतलेल्या ४० लाखांचा हप्ता ३०,४१५ बसतो. दर ९.२५ वर गेला आणि मुद्दल अजून ४० लाखांच्या आसपासच असलं, तर महिन्याचं व्याज होतं ३०,८३३. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज वाढतच राहतं. २०२२-२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ वर गेला, तेव्हा बऱ्याच घरांची मुदत अशीच लांबली. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, ही निवड कर्जदाराला द्यावी लागते. ती निवड तुम्ही स्वतः करा.

जास्तीची रक्कम कशी भरायची

वर्षाला एक जादा हप्ता भरलात, म्हणजे बोनसमधून ३४,७१३, तर कर्ज १६ वर्षं ९ महिन्यांत संपतं आणि ८ लाख २० हजारांच्या आसपास व्याज वाचतं. दरमहा ५,००० जादा भरलेत तर पावणेपंधरा वर्षं लागतात आणि वाचतात सुमारे १३ लाख. पगारवाढीबरोबर हप्ताच दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला, तर साधारण सव्वाबारा वर्षांत मोकळे होता आणि साडेपंधरा लाख वाचतात. मात्र या तिसऱ्या वाटेवर तेराव्या वर्षी हप्ता ६२ हजारांवर गेलेला असतो. पगार तेवढा वाढेल याचा भरवसा नसेल, तर दुसरी वाट धरा.

एकरकमी भरताना शाखेत किंवा ॲपवर एक प्रश्न येतो: मुदत कमी करायची की हप्ता? बरेच जण इथेच फसतात. पहिल्या वर्षाअखेर २ लाख भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर २६ महिने कमी होतात आणि ७ लाखांहून जास्त व्याज वाचतं. त्याच २ लाखांत हप्ता कमी करून घेतलात तर तो ३२,९४२ होतो, मुदत तेवढीच राहते आणि बचत होते फक्त २ लाखांच्या आसपास. उत्पन्न बेभरवशाचं असेल तर हप्ता कमी करायला हरकत नाही, पण फरकाचे १,७७१ रुपये दरमहा स्वतःहून कर्जात टाकत राहा. फायदा मुदत कमी केल्याइतकाच होतो आणि अडचणीच्या महिन्यात तेवढी ढील मिळते.

भरलेली रक्कम कशात जमा झाली, हे त्याच आठवड्यात तपासा. ती मुद्दलात वजा न होता ‘ॲडव्हान्स ईएमआय’ म्हणून पडून राहणं ही नेहमीची चूक. मग ती पुढच्या हप्त्यांत खपते आणि मुद्दल होतं तिथेच राहतं. स्टेटमेंटमध्ये ‘पार्ट प्रीपेमेंट’ अशी नोंद आणि त्याच तारखेला उतरलेली शिल्लक, दोन्ही दिसायला हवीत. दिसत नसेल तर लेखी तक्रार करा. तोंडी सांगून हे दुरुस्त होत नाही.

काही संस्था एक-दोन हप्त्यांपेक्षा लहान पार्ट पेमेंट घेत नाहीत. मग ५-५ हजार वेगळ्या खात्यात साठवा आणि तिमाहीला भरा. ५ हजार दोन महिने उशिरा भरल्याने सुमारे ७० रुपयांचा फरक पडतो, त्यासाठी जिवाला घोर लावून घेऊ नका. दोन लाखांची रक्कम हातात असताना महिनाभर रेंगाळली तर मात्र १,४०० रुपये जातात.

दंडाची भीती बाळगू नका. व्यक्तीने व्यवसायासाठी नव्हे तर घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर बँकांना २०१२पासूनच मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. १ जानेवारी २०२६पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी तर पैसे कुठून आणले, किमान किती काळ कर्ज चालवलं, असल्या अटीही घालता येत नाहीत. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर करारातलं शुल्काचं कलम वाचा.

घराचं बांधकाम चालू असेल आणि तुम्ही ‘प्री-ईएमआय’ भरत असाल, तर त्यात फक्त व्याज जातं, मुद्दल रुपयानेही हलत नाही. भाड्याचं ओझं सोसत असेल तर पूर्ण हप्ता लगेच सुरू करून घ्या.

पैसा कुठून काढायचा

दुधाच्या पिशवीत आणि भाजीच्या जुडीत कपात करून गृहकर्ज फिटत नाही. घरात किरकिर तेवढी वाढते आणि चार महिन्यांत सगळं सुटतं. मोठी बिळं बुजवा. सगळ्यांत मोठं बीळ गाडीचं. ८ लाखांचं कारलोन ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं की १२,८७१ रुपये हप्ता बसतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. तेवढीच रक्कम पहिल्यापासून गृहकर्जात भरत राहिलात तर २० वर्षांचं कर्ज १० वर्षं ९ महिन्यांत संपतं. गाडी आधीच घेतलेली असेल तर तिचा शेवटचा हप्ता गेला की पुढच्याच महिन्यापासून ते १२,८७१ गृहकर्जाकडे वळवा. एक महिना जरी ते हातात खेळले तरी खर्चाची सवय लागते.

यानंतर येतात हप्त्यावरचे फोन आणि टीव्ही, वर्षातला मोठा प्रवास, आणि लग्नाकार्यांतले आहेर व खरेदी. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वर्षाच्या सुरुवातीलाच यांना आकडा लावावा. आई-वडील सोबत असतील तर त्यांनाही हिशेब दाखवा. बाहेरचं खाणं चार रविवारांवरून दोनवर आणायचं ते का, हे सगळ्यांना माहीत असलं की नियम टिकतो. उन्हाळ्यात गहू, ज्वारी, तूरडाळ वर्षाची भरण्याची जुनी पद्धत आजही परवडते, पण साठवायला कोरडी जागा असेल आणि पोरकिड्यापासून धान्य राखता येत असेल तरच. भरलेलं धान्य फेकावं लागलं तर बचत मातीत गेली.

काटकसर टिकते ती पगाराच्या तारखेला. पगार १ तारखेला येत असेल तर ३ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (खात्यातून पैसे आपोआप वळवण्याची सूचना) लावा, कर्जखात्यात किंवा त्यासाठीच उघडलेल्या खात्यात. महिनाअखेर उरलं तर भरू, असं म्हणणाऱ्या घरात उरत नाही. दिवाळीच्या बोनसचंही तसंच: किती कर्जात आणि किती घरात, हे तो हातात पडण्याआधी ठरवा.

कर वाचतो म्हणून कर्ज ठेवा, असा सल्ला हमखास मिळतो. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. जुन्यातही ३० टक्के टप्प्यात २ लाखांवर कर वाचतो तो सुमारे ६२ हजार. उरलेलं व्याज तुमच्याच खिशातून जातं.

शेवटचा हप्ता भरल्यावर

बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या. त्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढचं रोजचं व्याज लिहिलेलं असतं. पैसे भरले की हप्त्याचं मँडेट (खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी) रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यात आणखी एक हप्ता कापला जाण्याची शक्यता असते. नो ड्यूज सर्टिफिकेट आणि मूळ कागद मागा: करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट. कर्ज घेताना दिलेल्या यादीशी पान न् पान ताडून मगच पोच द्या. संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. १ डिसेंबर २०२३पासून हा नियम लागू आहे.

सरसाई (CERSAI) या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला बोजा, म्हणजे बँकेच्या हक्काची नोंद, बँकेने उतरवला का ते विचारा. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या बोजाची नोंद असते, ती काढण्यासाठी नो ड्यूजची प्रत जोडून सेक्रेटरींना पत्र द्या. रजिस्टर्ड गहाणखत झालं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात मुक्ततेचा दस्तही नोंदवावा लागतो. स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं नाव बसलेलं असतं. तलाठ्याकडे अर्ज करून बोजा कमी करण्याचा फेरफार मंजूर करून घ्या आणि नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, त्यात कर्जापुढे ‘क्लोज्ड’ आणि शिल्लक शून्य असायला हवी.