पडत्या पाण्यातून वीज किती मिळेल? हिशेब असा करा

पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं की विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. सोमेश्वरच्या धबधब्यावर १,००० क्युसेक पाणी १० मीटर खाली कोसळतंय असं धरलं, तर त्यात जवळपास २,८०० किलोवॉट शक्ती असते. सूत्र साधं आहे:

वॉट = सेकंदाला लिटर × उंची (मीटर) × ९.८१

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरातल्या ओहळालाही हेच लागू पडतं.

आधी उंची मोजा. पाणी पाइपात शिरेल तिथपासून टर्बाइनपर्यंतची (पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चाकापर्यंतची) उभी उंची हवी, उताराची लांबी नव्हे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पाण्याने भरून टप्प्याटप्प्याने खाली उतरा आणि प्रत्येक टप्प्याचा फरक बेरजेत धरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं.

खरी मेहनत प्रवाह मोजण्यात आहे. धार लहान असेल तर ती सगळी ड्रममध्ये वळवा आणि भरायला लागणारे सेकंद मोजा. ओहळ मोठा असेल तर १० मीटरचा सरळ भाग निवडून लिंबू सोडा. ते २० सेकंदांत पोचलं, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पात्र १ मीटर रुंद, सरासरी खोली २० सेंटिमीटर असेल तर तिन्हींचा गुणाकार ०.१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर येतो. पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं. खडकाळ तळ असेल तर ०.७ ने गुणून ७० लिटरच धरा. खोली चार-पाच ठिकाणी मोजा.

हे माप एप्रिल-मेमध्ये घ्याच. आपल्याकडे श्रावणातला ओहळ पाहून यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. शिवाय सगळं पाणी पाइपात घेऊ नका. खाली गुरं आहेत, शेतं आहेत.

पाइपातलं घर्षण, टर्बाइन, जनरेटर यांत बरीच शक्ती जाते. छोट्या संचात निम्मी हाती येईल असं धरा.

समजा, उंची १२ मीटर आणि २०० लिटरचा ड्रम १० सेकंदांत भरतो, म्हणजे सेकंदाला २० लिटर. गुणाकार २,३५४ वॉट, हाती साधारण १,१८० वॉट. दिवसरात्र चाललं तर रोज २८ युनिट. त्याच जागी मे महिन्यात १० सेकंदांत २० लिटरची बादलीच भरत असेल, तर ११८ वॉट उरतात. त्यात एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग भागेल, पिठाची गिरणी नाही.